न पिसलेला कॅट

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो: माझ्या पाठीवर एकही खूण नाही. निळ्या चौकड्या आहेत, त्या छापलेल्या प्रत्येक पानावर सारख्या आहेत. चौकट सत्तीवर कॉफीचा एक डाग आहे, पण तो पुढच्या बाजूला आहे आणि कुणी पाडला हे सगळ्यांना ठाऊक आहे. इतकं बजावून सांगतो, कारण एकदा माझ्या पाठीला चारचौघांत भिंग लावलं गेलं. तो अपमान मी गिळला, पण विसरलो नाही.

माझा जन्म तुर्नहाउट गावचा. पत्ते छापणं हा तिथे नवलाचा धंदा नाही. जरा जुन्या घरात गेलात तर कुणी ना कुणी पत्त्यांच्या कारखान्यात राबलेलं निघतंच. दोन कागदांच्या मध्ये काळ्या खळीचा थर देतात, म्हणजे उजेडाकडे धरलं तरी पलीकडचं दिसू नये. मग छपाई, मग चकाकी, मग कापणी, शेवटी कोपरे गोल करायचे. मला मोजून डबीत घालणारी बाई शेजारणीशी तिच्या जावयाबद्दल बोलत होती. बावन्न मोजायला तिला डोळे लागत नव्हते, अंगठा पुरत होता.

मला विकत घेतलं सिदोनीने. कालव्याच्या पुलापाशी तिचं कॅफे आहे. सिदोनी दणदणीत बाई. बिअरचे सहा पेले एका हातात आणते आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाची टोपी टेबलावरून उचलून खुंटीला लावते. तिच्या खिडकीजवळच्या टेबलावर दर गुरुवारी दुपारी दोन वाजता चौघंजण वीझन खेळायला बसायची. वीझन म्हणजे आमच्याकडचा पत्त्यांचा खेळ. तेरा तेरा पानं, एक हुकूम, आणि ज्याला आपल्या पानांचा भरवसा असेल त्याने बोली करायची, की मी इतके हात करीन.

चौघं म्हणजे फिर्मिन, कामिएल, आल्दा आणि तिचा नवरा ओमेर. फिर्मिन निवृत्त पोस्टमन, त्यामुळे गावातल्या सगळ्यांचं सगळं त्याला माहीत. कामिएल शर्यतीची कबुतरं पाळतो आणि माणसांपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतो. आल्दाने चाळीस वर्षं पत्त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. ओमेर शांत माणूस. खेळताना त्याची एकच खोड होती: बदामाची उतारी फार लवकर करायचा. आल्दा दर गुरुवारी त्याला त्यावरून बोलायची आणि तो दर गुरुवारी करायचा.

एका नोव्हेंबरात ओमेर गेला. मी दोन महिने कपाटात होतो.

जानेवारीत एका गुरुवारी आल्दा एकटीच आली, कोट न काढता म्हणाली, "सिदोनी, चौथा माणूस शोध. घरी बसून भिंतीशी बोलायचा कंटाळा आला. भिंत उलट बोलत नाही."

सिदोनीने लीवन मास्तरांना धरून आणलं. मास्तर गेन्टला पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि मुलीजवळ राहायला आमच्या गावात आले होते. गंमत अशी की पत्त्यांची गणितं त्यांनी हजारो मुलांना घातली होती, पण आयुष्यात एक डाव खेळले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या घरात पत्ते म्हणजे पाप होतं. वीझन ते पुस्तकातून शिकून आले, पहिल्या दिवशी टाय बांधून.

"मास्तर, इथे परीक्षा नाही," फिर्मिन म्हणाला. "इथे सरळ नापासच करतात."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिच्यातूनच झाली. वीझनमध्ये कॅट पिसत नाहीत. नवा कोरा आला की पहिल्या दिवशी एकदा पिसायचा, बस्स. पुढे डाव संपला की प्रत्येकाने जिंकलेले हात जसेच्या तसे एकमेकांवर ठेवायचे, एकाने काटायचं, म्हणजे वरचा गठ्ठा उचलून खाली घालायचा, आणि दुसऱ्याने चार, पाच, चार अशी पानं वाटायची. पिसलं की पानं पांगतात, कुणालाच धड काही येत नाही, आणि मग बोलीला रंगत राहत नाही. कुणी चुकून पिसायला घेतलाच तर कामिएल ओरडतो, "अरे, ठेव खाली! कोशिंबीर करतोस काय त्याची?"

मास्तरांनी हे पाहिलं, पण त्यांच्या ध्यानात आलं नाही. काटलं म्हणजे मिसळलंच, असं त्यांनी धरलं. त्यांची पाळी आली की तेही काटलेला कॅट घेऊन नीटसपणे वाटायचे.

मास्तरांना वहीची एक सवय होती. डाव संपला की ते तिच्यात काहीतरी टिपायचे. आम्हाला वाटे, शिकतोय बिचारा. मार्चमधल्या एका गुरुवारी आल्दाने पुन्हा एकदा एकटीने नऊ हातांची बोली केली आणि अकरा केले. किलवरची आठ पानं होती तिच्याकडे. फिर्मिनने कपाळाला हात लावला. मास्तरांनी वही उघडली.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "पाच गुरुवारांत आपले साठ डाव झाले. त्यात आल्दाबाईंना एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी, सात किंवा जास्त पानं अकरा वेळा आली. हिशेबाने हे शंभरात चार वेळा व्हायला हवं. म्हणजे साठात दोनदा, फार तर तीनदा. अकरा वेळा होण्याची शक्यता वीस हजारांत एक इतकीही नाही."

"म्हणजे काय?" कामिएलने विचारलं.

"मी कुणाचं नाव घेत नाही. मी फक्त आकडे सांगतोय."

"नाव घेत नाही म्हणे! आल्दाबाई म्हणालात की आत्ता."

फिर्मिन हसला. आणि मग, वाईट काही मनात नसताना, नको ते बोलून गेला. "चाळीस वर्षं पत्ते हाताळलेत तिने. पाठीवर बोट फिरवून ओळखत असेल!"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं आणि माझी पानं एकेक करून उलटी पाहायला लागले. त्यांनी ते उद्धटपणे केलं नाही, वह्या तपासाव्यात तसं केलं. म्हणूनच ते जास्त लागलं. आल्दा उभी राहिली. तिने कोट चढवला, बटणं वरपासून खालपर्यंत लावली.

"मास्तर, बघून झालं की डबीत घाला," ती म्हणाली. "सर्द हवेत पानं फुगतात."

आणि ती गेली. माझ्या पाठीवर काही सापडलं नाही, पण त्याने काय होतं? पुढच्या गुरुवारी आल्दा आली नाही. तिघं बसून राहिले. तिघांत वीझन होत नाही. सिदोनीने मोहरी लावलेले चीजचे तुकडे आणून ठेवले आणि फिर्मिनने ते एकट्याने संपवले, तेही दुःखी चेहऱ्याने.

तिसऱ्या दिवशी सिदोनीने मला ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि सायकल काढली. आल्दाच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेलो. मेणकापड घातलेलं टेबल, चार खुर्च्या, शेगडीवर कॉफी.

"हा घे," सिदोनी म्हणाली. "लोकांना वाटतं याच्यावर खुणा आहेत. तुझ्याकडेच राहू दे. मास्तर नवा कॅट आणा म्हणतात, मी म्हटलं आधी चौथी बाई आणा."

"मी यायची नाही."

"का?"

"त्यांचं गणित बरोबर असेल. मी फसवलं नाही हेही बरोबर आहे. मग चुकलं कोण? हे कळल्याशिवाय मी त्या टेबलावर बसले, तर दर चांगल्या पानाला तिघं माझ्या बोटांकडे बघणार. नको बाई. त्यापेक्षा भिंत बरी."

 सिदोनीने पिशवीतून एक पुस्तक काढलं. "लेकीचं गणिताचं आहे. म्हटलं मास्तर नेमकं काय बरळतात ते बघू. मला पहिल्या ओळीलाच झोप आली."

आल्दाने चष्मा लावला. धड्यातलं पहिलं उदाहरण मोठ्याने वाचलं: "चांगल्या पिसलेल्या बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून..."

ती थांबली. पुन्हा वाचलं. पुढचं उदाहरण पाहिलं. तेही 'चांगल्या पिसलेल्या' असंच सुरू होत होतं. तिसरंही.

"अगं सिदोनी," ती म्हणाली, "पण आपण पिसतच नाही."

तपासणीच्या टेबलावर आल्दाने एक गोष्ट शिकली होती: दहा पानं पाहून यंत्राला नावं ठेवायची नाहीत. शंभर पाहायची, दोनशे पाहायची, आणि चांगली-वाईट दोन्ही मोजायची. तिने शाळकरी वही आणली, पानावर चार रकाने पाडले: खिडकी, शेगडी, दार, भिंत. एकेक खुर्ची, एकेक रकाना. आणि त्या दुपारपासून ती चारही खुर्च्यांवरून एकटी वीझन खेळायला लागली.

तो खेळ मी जन्मभर विसरणार नाही. खिडकीच्या खुर्चीवर बसून एक पान टाकायचं, उठायचं, शेगडीच्या खुर्चीवर बसायचं, तिथली पानं उचलून जणू आधी पाहिलीच नाहीत असा चेहरा करायचा, विचार करायचा, पान टाकायचं, उठायचं. दाराजवळच्या खुर्चीवर ती फिर्मिनसारखी कुरकुर करी. भिंतीची खुर्ची ओमेरची होती. तिच्यावर बसली की ती बदामाची उतारी फार लवकर करी. मग आपल्या खुर्चीवर परत येऊन म्हणे, "कितीदा सांगितलं तुला."

डाव संपला की हात एकमेकांवर ठेवायचे, काटायचं, पिसायचं नाही. एका डावात चार वाटे, तेरा तेरा पानांचे. ज्या वाट्यात एका रंगाची सात किंवा जास्त पानं आली, त्या खुर्चीच्या रकान्यात एक रेघ.

आकडा सुरुवातीला खोडकर मुलासारखा वागला. पहिल्या पाच डावांत, म्हणजे वीस वाट्यांत, सहा रेघा. शंभरात तीस! आल्दा चष्मा पुसत म्हणाली, "छे, इतकं नसणार." चाळीस वाट्यांनंतर सातच रेघा होत्या. शंभर वाट्यांनंतर पंधरा. मग आकडा दमला आणि एका जागी बसला: दोनशे वाट्यांत सत्तावीस, म्हणजे शंभरात साडेतेरा. चारही खुर्च्यांना थोड्याफार फरकाने सारखेच. भिंतीच्या खुर्चीला सर्वांत जास्त, आठ.

"तुला नेहमीच चांगली पानं यायची," ती त्या खुर्चीला म्हणाली. "खेळता येत नव्हतं."

मग तिने पान उलटलं आणि तीच चार नावं पुन्हा लिहिली. आता प्रत्येक डावाआधी ती मला सात वेळा पिसायची. मला अशी सवय नव्हती. माझी राणी कुठे आणि राजा कुठे, काही पत्ता लागेना. पहिल्या वीस वाट्यांत एकही रेघ नाही. शंभरात तीन. दोनशेत नऊ. शंभरात साडेचार. मास्तरांचं पुस्तक म्हणत होतं, चार.

दोन आठवडे लागले या सगळ्याला. तिने वही मिटली, मला डबीत घातलं, आणि गुरुवारी दोन वाजता आम्ही कॅफेत गेलो.

"आली रे आली!" फिर्मिन इतका पटकन उठला की त्याची खुर्ची पडली. "आल्दा, मी त्या दिवशी जे बोललो..."

"गाढवासारखं बोललास. बस खाली." तिने वही मास्तरांपुढे ठेवली. "मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे. पण ते पिसलेल्या कॅटचं आहे. आम्ही न पिसता खेळतो. एकदा खेळलेली पानं रंगारंगाने चिकटून राहतात, आणि आपण वाटतो तीही चार-पाचच्या झुबक्याने. हे बघा न पिसता. हे बघा पिसून."

मास्तरांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. त्यांचे कान लाल झाले, पण शिक्षक तो शिक्षक. "आल्दाबाई, मांडणी उत्तम आहे. पण प्रयोग घरी केलात, एकटीने. आणि..." ते अडखळले.

"आणि ज्याच्यावर आळ त्यानेच केला. बरोबर आहे. म्हणूनच सांगते, ही वही मानू नका. आज तुम्ही वाटा, तुम्हीच मोजा. फक्त एक करा. मागे तुम्ही माझीच खुर्ची मोजलीत. आज चारही मोजा."

मास्तरांनी आपली जुनी वही चाळली. साठ डावांच्या टिपणांत एकच नाव होतं. पहिल्या दोन आठवड्यांत आल्दाला बरी पानं आली, म्हणून त्यांनी तिचीच नोंद ठेवायला घेतली होती. बाकीच्यांना काय येतं ते पाहिलंच नव्हतं.

"मागच्या महिन्यात मला आठ इस्पिक आली होती," कामिएल म्हणाला. "ती नाही का लिहिलीत?"

"नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"बघा! माझ्या कबुतरांनी लिहिली असती."

खेळ सुरू झाला. सगळे डाव मास्तरांनीच वाटले, आल्दाने कॅटला बोटही लावलं नाही. काटायलासुद्धा सिदोनीला बोलावलं. तिसऱ्या डावात फिर्मिनला सात बदाम आले. पाचव्यात कामिएलला सात चौकट, सहाव्यात त्यालाच पुन्हा. आल्दाला काहीच नाही, नुसत्या दुर्र्या-तिर्र्या, आणि ती खुशीत होती. नवव्या डावात मास्तरांनी आपली पानं उचलली, लावली, आणि ती टेबलाच्या कडेखाली नेली.

"काय झालं मास्तर?" सिदोनीने विचारलं. "घाम का आलाय?"

मास्तरांनी पानं टेबलावर उघडी मांडली, असं कुणी करत नाही. इस्पिक. नऊ पानं, एक्क्यापासून.

 मग फिर्मिन टेबलाखाली वाकला. "मास्तर, मोजे दाखवा बघू. अजून आहेत का आत?"

"कामिएल, भिंग काढ त्यांच्या खिशातलं!" सिदोनी ओरडली.

मास्तर हसले. टाय बांधलेल्या माणसाला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. आल्दाही हसली, तोंडावर हात ठेवून.

बारा डाव झाले. अठ्ठेचाळीस वाटे, सात रेघा. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि उभे राहिले.

"मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, 'चांगल्या पिसलेल्या कॅटमधून'," ते म्हणाले. "एकदाही विचारलं नाही की समोरचा कॅट पिसलेला आहे का. पुस्तकाला विचारलं, पत्त्यांना नाही. आल्दाबाई, मी चुकलो." ते थांबले, वहीकडे पाहिलं. "पण अठ्ठेचाळीस हा आकडा फार लहान आहे. एवढ्यावर ठाम काही बोलता येणार नाही. खात्रीचं उत्तर हवं तर निदान पन्नास गुरुवार मोजावं लागेल. आणि चार खुर्च्या भरलेल्या असल्याशिवाय मोजता येत नाही."

आल्दाने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. ती उठली आणि तो खुंटीला लावून आली.

"पन्नास?" ती म्हणाली. "तुमच्या खेळाकडे बघता शंभर लागतील. वाटा."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पन्नास गुरुवार कधीच उलटून गेले. मास्तर म्हणतात आकडा अजून पुरता स्थिर नाही, आणि त्यांना कुणी खोदून विचारत नाही. टाय सुटला. बदामाची उतारी आता ते फार लवकर करतात. आल्दा त्यांना त्यावरून बोलते.

मी म्हातारा झालोय. कोपरे मऊ पडलेत, किलवर तिर्री हरवली, तिच्या जागी बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीचा तुकडा कापून घातलाय, आणि तो पाठीवरून आंधळ्यालाही ओळखू येतो. पण तिर्री ओळखून कुणाचं भलं होणार? सिदोनीच्या खणात नवा कॅट आणून ठेवलेला आहे. तो कुणी उघडत नाही, कारण उघडला की आधी पिसावा लागेल.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद खणात पडला असेल. त्याला बाहेर काढा. मोजायची हौस असेल तर खुशाल मोजा, पण थोडं मोजून कुणाला नावं ठेवू नका, आणि एकाच माणसाकडे बघून मोजू नका. एवढंच मागणं.

आता पुरे करतो. सिदोनीने काटलंय, मास्तरांनी मला उचललंय, पहिली चार पानं आल्दाकडे निघाली. एकदा चौघांच्या हातात वाटला गेलो की मला एका आवाजात बोलता येत नाही.